टाच उचला, दादा

पेठ तालुक्यातला रुग्ण नाशिकला आयसीयूत येतो तो सावळघाट ओलांडून. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावलेली असते, पिकावर मारायचं औषध कुणाच्या पोटात गेलेलं असतं, कुणाचा न्यूमोनिया अंगभर भिनलेला असतो. व्हेंटिलेटर लागतो. पुढं ताप उतरतो, रक्तदाब सावरतो, नातेवाईक हात जोडतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं खरं काम तिथं सुरू होतं, कारण पडून राहिलेल्या माणसाच्या हातापायांतली ताकद किती गेली, हे कुठल्याच मॉनिटरवर दिसत नाही.

झोपेचं औषध कमी झालं की मी पाच गोष्टी करायला सांगते. डोळे उघडा-मिटा, माझ्याकडं बघा, जीभ दाखवा, मान हलवा, भुवया उंच करा. निदान तीन नीट जमल्या तरच ताकद मोजायची. गुंगीतल्या माणसाचे आकडे खोटे येतात. मग दोन्ही बाजूंच्या सहा-सहा हालचाली तपासायच्या: खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, पाऊल. प्रत्येकीला 0 ते 5 गुण, एकूण 60. बेरीज 48 च्या खाली आली की आयसीयूतला अशक्तपणा धरायचा.

सगळं कसब मधल्या गुणांत आहे. गुडघ्याखाली माझा हात घालते आणि म्हणते, ‘‘टाच उचला, दादा.’’ टाच चादरीवरून सुटून पाय सरळ झाला, तर 3. नाही सुटली, तर त्याला कुशीवर वळवून पायाचं वजन माझ्या हातांवर घ्यायचं. आता गुडघा सरळ झाला, तर 2. पाय हललाच नाही, पण मांडीचा स्नायू बोटाखाली किंचित आवळला, तर 1. हा 1 घाईत हमखास निसटतो.

चेहराही वाचावा लागतो. मण्यारीच्या विषानं आधी पापण्या जड होतात, मग मान आणि श्वास. आयसीयूतल्या अशक्तपणात चेहरा बहुधा शाबूत असतो. नख दाबलं की कपाळावर आठी उमटते, हात मात्र मागं येत नाही. विष उतरलं, पापण्या उघडल्या आणि तरी दोन्ही हातपाय सारखेच ढिले राहिले, तर दुखणं दुसरं आहे.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सोनोग्राफीनं मोजला होता. दहाव्या दिवसापर्यंत तो सरासरी 17 टक्क्यांहून जास्त आकसला होता. रक्तातला जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, निश्चल पडून राहणं, यांनी नसा आणि स्नायू दोन्ही खंगतात. श्वासाचे स्नायूही त्यात आले, म्हणून व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. यावर नेमकं असं औषध नाही. गुंगी कमी ठेवणं, साखर आटोक्यात ठेवणं, पोषण आणि वेळेवर हालचाल, एवढंच हाती आहे. त्यातही अति नको: 2022 च्या एका मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त जोरानं हालचाल करवून फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढले. म्हणून आधी मोजायचं आणि झेपेल तेवढंच करवायचं.

‘‘ताई, आवणीला उभे राहतील ना?’’ पेठची माणसं असंच विचारतात, आणि माझ्या लेखी हा प्रश्न बरोबर आहे. वॉर्डात संडासापर्यंत चालता आलं की माणूस बरा म्हणून घरी जातो. पेठमध्ये भात आणि नागलीची आवणी चिखलात दिवसभर वाकून करावी लागते, डोंगरउतारावर पाणी वाहावं लागतं. मांडीला 3 गुण असलेला माणूस तिथं उभा राहत नाही, आणि मजुरी बुडाली की सगळं घर खचतं.

तुमचं माणूस आयसीयूत शुद्धीवर आलं, की ‘ताकद मोजली का, किती आली?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. घरी नेताना व्यायाम लिहून घ्या. हाताचा आधार न घेता बसल्या जागेवरून उठता येतं का, ते दर आठवड्याला बघा. सुधारणा थांबली, तर पुढची आवणी येईपर्यंत वाट पाहू नका. परत घेऊन या.