शिअरा

कोकणातली थंडी बोचत नाही. इशाची नमाज झाली, जेवणे उरकली की खांद्यावर एक शाल टाकून तासभर सहज फिरता येते. पाऊस संपलेला असतो, ढग नसतात. चांदण्यांचे फोटो काढायला हेच दिवस चांगले, आणि त्यासाठी महागडा कॅमेराच हवा असेही नाही.

यंदा जानेवारीत शनिवार-रविवार जोडून आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. शाबानचा चांद दिसायला दोन दिवस बाकी होते, त्यामुळे रात्र पुरती काळोखी. नववीतला माझा मुलगा मोबाईल घेऊन फिरायला निघाला, तशी त्याची दादीही चप्पल घालून उभी राहिली. त्या दोघांचे बोलणे अलीकडे फार कमी झाले होते. तो फोनमध्ये, त्या तसबीहमध्ये. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण साठ वर्षे रोज कुरआनची तिलावत करतात.

खाडीच्या रस्त्यावर दिवे संपतात तिथे मुलाने गडग्यावर मोबाईल टेकवून ठेवला. शटर दहा सेकंद, आयएसओ १६००, फोकस सर्वांत दूरचा. बोटाच्या धक्क्याने फोटो हलू नये म्हणून तीन सेकंदांचा टायमर. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, कॅमेरा दहा सेकंद साठवतो. म्हणून डोळ्यांना न दिसणारे तारेही फोटोत उतरतात. फार वेळ ठेवले तर मात्र पृथ्वी फिरत असल्यामुळे ठिपक्यांच्या रेघा होतात.

फोटोत मृग नक्षत्र स्पष्ट आले होते. एक तारा तांबूस, दुसरा निळसर. मुलगा नावे सांगू लागला, बीटलज्यूस, रायजेल, अल्डेबरन. शाळेच्या पुस्तकातली असावीत तशी, परकी.

मी म्हटले, "अरे, ही नावे अरबी आहेत. रायजेल म्हणजे रिज्ल, पाय. बीटलज्यूस म्हणजे यद अल-जौझा, जौझाचा हात. लॅटिनमध्ये उतरवताना अक्षर चुकले आणि 'य'चा 'ब' झाला. अल्डेबरन म्हणजे मागून येणारा, कारण तो सुरय्याच्या, आपल्या कृत्तिकांच्या, मागोमाग उगवतो." इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला, आज देवयानी दीर्घिका म्हणून ओळखली जाणारी धूसर खूण त्यात 'लहानसा ढग' म्हणून नोंदवली, हेही सांगितले.

"आणि हा सगळ्यांत तेजस्वी?" त्याने व्याधावर बोट ठेवले. "सिरियस."

"अरबीत शिअरा," मी म्हटले.

इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "शिअरा? तो तर सूरह नज्ममध्ये आहे." आणि तिथेच, रस्त्यावर, त्यांनी ती आयत तोंडपाठ म्हटली. मुलाने मोबाईलवर सूरह काढली. एकोणपन्नासावी आयत. तर्जुमा त्याने दादीला वाचून दाखवला. इस्लामपूर्व काळात काही अरब या ताऱ्याची पूजा करत. त्याचाही मालक अल्लाहच आहे, असे तिथे बजावले आहे.

"हाच तो?" सासूबाईंनी विचारले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. मुलाने फोटो मोठा करून स्क्रीन त्यांच्या चेहऱ्याजवळ धरली, मग त्यांचा हात धरून बोट डोंगरावरच्या त्या ताऱ्याकडे नेले. "सुब्हानल्लाह," त्या पुटपुटल्या. "साठ वर्षे नाव घेते, आणि हा रोज डोक्यावर होता."

ज्याला तारा माहीत होता, त्याला आयत माहीत नव्हती. जिला आयत पाठ होती, तिला तारा माहीत नव्हता. आपल्या बऱ्याच घरांत इल्म असा दोन खोल्यांत वाटला गेला आहे, आणि मधले दार लावलेले आहे. दादीला काय कळते, असे नातवाला वाटते. या फोनने पोर वाया गेले, असे दादीला वाटते. दोघांनी एकत्र वर पाहिले, तेव्हा त्या रात्री ते दार थोडे उघडले.

आता मुंबईहून फोन लावला की सासूबाई मला चार शब्दांत आटोपतात आणि नातवाला बोलवायला सांगतात. परवा त्याने विचारले, "दादी, सूरह तारिकमधला तारा कोणता?" त्या म्हणाल्या, "मौलवीसाहेबांना विचारून सांगते. तू तोवर फोटो काढून ठेव."