किती देते?

बाईक कुठलीही असो, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, 'किती देते?' आणि मालकाचं उत्तरही ठरलेलं, 'आरामात चाळीस!' पुण्या-मुंबईत हे चाळीस कुणी तपासत नाही. थोड्या थोड्या अंतरावर पंप असताना तपासायचं कशाला? खरं-खोटं करायचं असेल तर तांदी गाठा.

हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, मनाली-लेह रस्त्यावर, चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावरचं हे छोटंसं गाव. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट न चढताही इथे पोहोचता येतं. इथल्या पेट्रोल पंपाचा बोर्ड म्हणजे बायकर मंडळींचा सेलिब्रिटी : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर! सगळे त्याच्यासोबत फोटो काढतात. मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला. टाकी १३ लिटरची, लिटरला २८ किलोमीटर. उत्तर : ३६४. म्हणजे लेह एक किलोमीटरवर आणि गाडी बंद! रिझर्व्ह वेगळं मोजू नका, बॉस, ते या १३ लिटरमधलंच. लेहच्या साधारण ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, पण हिशोब बोर्डावरच्या आकड्याचाच करावा.

आता चाळीसचे अठ्ठावीस होतात कसे? दारच्यानंतर चढ सुरू होतो. बारालाचा-ला, मग सरचू, मग २१ वळणांचे गाटा लूप्स. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते आणि इंजिन पेट्रोल पीत राहतं. वर हवाही विरळ. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला हे कळत नाही, ती हवेच्या मानाने जास्तच पेट्रोल सोडते. धूर काळा, पिकअप गायब. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेते. ताकद मात्र तिचीही कमी होते.

बाकीचं आपल्या हातात असतं. टायरमध्ये हवा कमी, चेन कोरडी, एअर फिल्टरमध्ये धूळ, मागे मित्र आणि दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा, प्रत्येक गोष्ट थोडं थोडं पेट्रोल खाते. पांगनंतर मोरे प्लेन्सचा सपाट, सरळ रस्ता लागला की हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. पण वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि समोरून वारा असेल तर विचारूच नका. पुढच्या तांगलांग-लाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका. गिअरमध्येच उतरा, ब्रेकही वाचतात.

या पट्ट्यात पेट्रोल संपणं म्हणजे थंडीत, विरळ हवेत, येणाऱ्या ट्रकची वाट बघत बसणं. वाटेतल्या तंबूत सुटं पेट्रोल मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून पेट्रोलसाठीचाच पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा. पाण्याची बाटली नको. अठ्ठावीसच्या हिशोबाने तेवढ्यात १४० किलोमीटर वाढतात.

आणि निघण्याआधी घरीच एक काम उरका. टाकी फुल्ल करा, सामान लादून एखादा घाट चढून या, पुन्हा फुल्ल करा. जितकं पेट्रोल मावलं, त्याने किलोमीटरला भागा. तो तुमचा खरा आकडा.

हल्ली मला कुणी 'किती देते?' विचारलं की मी उलट विचारते, 'कुठल्या रस्त्यावर? आणि मागे कोण बसलंय?'