चाकांवरचे बिऱ्हाड

लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर नवराबायकोने दोघांनीच दहा दिवसांच्या प्रवासाला निघणे हे मोठे धाडसाचे काम आहे. त्यातून ज्या गाडीने जायचे त्याच गाडीत रांधायचे, जेवायचे, झोपायचे आणि प्रसंगी रुसायचेही असेल, तर त्या धाडसाला सीमाच राहत नाही. गेल्या डिसेंबरात ते आमच्या हातून घडले. चिरंजीव वसतिगृहात, माझी रजा शिल्लक, आणि पुण्यात ‘कँपर व्हॅन’ भाड्याने मिळते अशी बातमी सौ.ने कुठूनशी आणलेली. पाहायला गेलो तर आत दोघांपुरता बिछाना, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, घडीचे टेबल, खणांचे कपाट! “आपण लग्नानंतर डोंबिवलीत राहिलो ती खोली याहून लहान होती,” असा निर्वाळा सौ.ने दिला आणि गाडी ठरली.

बेत असा होता : ताम्हिणीने उतरून हरिहरेश्वर गाठायचे, तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून गोव्यापर्यंत जायचे आणि नाताळच्या आत परतायचे. सामान भरताना सौ.ने कपाटाच्या खालच्या खणात एक खाकी पाकीट ठेवले. त्यात काय आहे ते मला ठाऊक होते. तिच्या माहेरच्या घराचे हक्कसोडपत्र होते ते. नुसता मसुदाच, पण तिच्या भावाने मुंबईहून पाठवला होता. आचऱ्याचे घर बारा वर्षे बंद आहे, छप्पर खचले आहे, गिऱ्हाईक चालून आले आहे; “वाचून होकार कळव,” एवढेच त्याने लिहिले होते. त्याचे काही चुकले नव्हते. पाकीट मात्र महिनाभर कोणी उघडले नव्हते.

कोकणचा किनारा नकाशावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात दर पाचदहा कोसांवर एक खाडी आडवी येते आणि रस्ता पाण्यात संपतो. बागमांडल्याला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. पलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर दिसत असते, पण रस्त्याने जाऊ म्हटले तर मोठा वळसा पडतो. म्हणून गाडीसकट फेरीबोटीवर चढायचे. दाभोळच्या धक्क्यावर बोटीवरच्या माणसाने आमचे बिऱ्हाड उलटे चढवायला लावले. मागे पाणी, पुढे हसणारी शाळकरी पोरे, आणि शेजारी “डावीकडे, डावीकडे!” असे ओरडणारी सौ.! बोट सुटली तेव्हा मी घामाने निथळत होतो. तिने मात्र शेगडी पेटवून चहा टाकला होता. वाशिष्ठीच्या मध्यावर, स्वतःच्या घरात बसून घेतलेला तो चहा मी विसरणार नाही.

गुहागरच्या पुढे एका पुळणीजवळ माझ्या अंगात वीरश्री संचारली. किनाऱ्यालगत गाडी उभी करून पहाट पाहावी, म्हणून मी चार हात पुढे घेतली आणि मागची चाके वाळूत रुतली. गाडी पुळणीवर नेऊ नये हे मला माहीत होते. दोष सर्वस्वी माझा. भरतीला दोन तास उरले होते. जाळी वाळवणारे चारपाच जण आले. त्यांतल्या म्हाताऱ्याने प्रथम मला खाली उतरवले, मग चाकांतली हवा कमी केली, चाकांखाली झावळ्या अंथरल्या आणि “आता बाईंना बसवा,” असे सांगितले. सौ.ने गाडी चालवली, आम्ही ढकलली आणि गाडी निघाली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. “एवढं शिकलेले दिसता,” एवढेच म्हाताऱ्याने ऐकवले.

जयगड ओलांडल्यावर मालगुंड येते. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत १८६६ साली इथे जन्मले. त्यांचे घर आणि शेजारचे स्मारक पाहताना वर्गात रुक्षपणे सांगितलेल्या सनावळ्या मला अपराध्यासारख्या आठवत होत्या. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० च्या सुमारास बांधून झालेल्या या वाड्यात तो राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. पुन्हा मायदेश दिसला नाही. सौ. सज्जात बराच वेळ उभी होती. “एवढा वाडा असून घर नाही,” असे म्हणाली आणि खाली उतरली.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने इथूनच हेलियमचा शोध लावला, असे आम्हांला आदराने सांगण्यात आले. माझ्यातला मास्तर गप्प बसेना. सूर्यप्रकाशातल्या ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियमचा सुगावा लागला, ती १८६८ सालची गोष्ट. त्या वर्षीचे ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरला पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच निरीक्षण करीत होता. तो विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. हे सारे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “तीस वर्षं उशिरा का होईना, पण आला ना?” त्यानंतर देवगड येईपर्यंत ती बोलली नाही. आचरा आता दूर नव्हते.

आचऱ्याला आम्ही दुपारी पोहोचलो. गाडी रामेश्वराच्या देवळापाशी ठेवून आत चालत गेलो. किल्ली शेजारच्या काकांकडे होती. त्यांनी सौ.कडे निरखून पाहिले. “काय गो बाय, इतक्या वर्सांनी वाट गावली?” मग किल्ली देताना म्हणाले, “घर माणसां असली तर उभा रवता. कुलूप असला की पडता.” एका बाजूची कौले खाली आली होती, भिंतीला ओल चढली होती, माजघरात वाळवीची वारुळे होती. पडवी मात्र शाबूत होती. सौ. पदर खोचून आत गेली. पाऊण तासाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केरसुणी होती. तिने पडवी झाडून काढली होती. विकायच्या घराची पडवी कोणी झाडते का, हे मी विचारले नाही.

त्या रात्री गाडीत ती गावपळणीविषयी बोलत राहिली. आचऱ्याची ही प्रथा ऐकून होतो. पण तिच्या तोंडून प्रथमच ऐकली. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या झोपड्यांत राहतो. गावात चिटपाखरू उरत नाही. “आजी निघताना उंबऱ्यावर हात ठेवायची,” सौ. म्हणाली, “आणि म्हणायची, येतो हां आम्ही. मला वाटायचं, ती देवाशी बोलतेय. ती घराशी बोलायची.” मग बऱ्याच वेळाने, “बाबा गेले तेव्हा आपण निघालो, ते मी असं काही म्हटलंच नाही.”

पुढे मालवणला सिंधुदुर्ग पाहिला. शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची आणि तिथल्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या खांडेकरांची आठवण काढली, आणि तेरेखोलची फेरी ओलांडून गोव्यात शिरलो. मला राय पाहायचे होते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या या जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तकथा रचली. दहा हजारांहून अधिक ओव्या. रायतूर, म्हणजे राशोल येथे १६१६ मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली. जन्माने परका माणूस, पण मराठीत असा घर करून राहिला! सेमिनरीच्या पांढऱ्या भिंतींपुढे उभा राहून मी त्याला मनोमन नमस्कार केला.

त्या दिवशी २३ डिसेंबर होता. साष्टीतल्या एका गावात, ओळखीच्या कुटुंबाच्या अंगणात आम्ही मुक्काम केला. दारोदार कागदी नक्षत्रे टांगली जात होती, गोठे सजत होते, दोदोल शिजल्याचा गोड वास येत होता. समोरचे मोठे घर वर्षभर बंद असते, असे कळले. त्याचे मालक आखातात असतात. त्या दिवशी सकाळी ते जोडपे आले होते. दिवसभर खिडक्या उघडत होते, जाळी काढत होते, चुना मारत होते. संध्याकाळी त्या घरावरही नक्षत्र लागले. घरची म्हातारी म्हणाली, “वर्षाक धा दीस. पूण घर जिवें उरता.”

सौ. आमच्या चाकांवरच्या बिऱ्हाडाच्या पायरीवर बसून ते नक्षत्र पाहत होती. मग तिने भावाला फोन लावला. “मी होकार देत नाही. कौलं नि वासे घालायला किती लागतील, तेवढं कोणाला तरी विचार. निम्मे मी देईन.” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. बोलणे बराच वेळ चालले आणि गोडीचे नव्हते, एवढे मात्र कळले.

भाऊ अजून पुरता राजी नाही. पण पावसाळ्यापूर्वी एक बाजू शाकारून झाली. आमच्या पुण्यातल्या स्वयंपाकघराचे नवे ओटे त्यासाठी रद्द झाले, हे ओघानेच आले. यंदाच्या डिसेंबरात आम्ही एस.टी.ने आचऱ्याला जाणार आहोत. निघताना उंबऱ्यावर हात ठेवून काय म्हणायचे, ते सौ.ला आता ठाऊक आहे.