बनी तो बनी, नहीं तो येलदरी!

मे महिन्यात परभणीला चाललेय, असं सांगितल्यावर पुण्यातल्या फ्रेंड्सचा पहिला प्रश्न होता, ‘कुणाचं लग्न आहे?’ मासे पकडायला चाललेय म्हटल्यावर तर ग्रुपवर अर्धा तास नुसत्या स्मायली पडत होत्या. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ एवढंच ज्या जिल्ह्याबद्दल आपल्याला ठाऊक, तिथे त्रेचाळीस डिग्रीत कोण जातं?

दोष माझ्या आयटीवाल्या मित्राचा. त्याने नवा रॉड घेतला होता आणि रात्र रात्र जागून तो अमेरिकन मासेमारीचे व्हिडिओ बघत होता. तिकडे वॉलआय नावाचा मासा असतो. मिनेसोटा राज्याचा तो अधिकृत राज्यमासा आहे, १९६५ पासून. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात आणि कमी उजेडात त्याला छान दिसतं. त्याला पकडायचा फंडा म्हणजे ट्रोलिंग. (इंटरनेटवरचं नव्हे!) बोट अगदी हळू चालवायची आणि लांब दोरीला लावलेला खोटा मासा मागून ओढत न्यायचा. वॉलआय आपल्याकडे नाही, पण शिवडा आहे. रुंद तोंडाचा, लांब मिशांचा, अंगावर खवला नसलेला पक्का शिकारी. आणि मोठं पाणी हवं असेल तर येलदरी आहे.

जिंतूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पूर्णा नदीवर हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. एकूण क्षमता ९३४ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी शेतात. परभणी-जिंतूरच्या नळांनाही येलदरीचाच आधार. आम्ही पोहोचलो तेव्हा हा समुद्र बराच आटलेला होता. पाणी मागे सरकलेल्या जमिनीवर भेगा आणि मधेच हिरवे पट्टे. ही गाळपेर. पाणी उतरलं की त्या ओल्या गाळात पीक घ्यायचं, पावसाळ्यात जमीन पुन्हा धरणाला परत.

पहाटे पाचला एका भोई मामांच्या पत्र्याच्या होडीत बसलो. मामा साठीचे. बाकीचे बरेच जण थर्माकोलच्या तराफ्यावर जाळी टाकायला निघाले होते. एका माणसाला पुरेल एवढा थर्माकोलचा तुकडा आणि खाली एवढं पाणी! माझ्याच पोटात गोळा आला. मित्राने विचारलं, ‘मामा, इंजिन नाही?’ मामा म्हणाले, ‘हात हायेत की.’ खरं तर ट्रोलिंगला असाच वेग लागतो. तिकडे लोक त्यासाठी वेगळी छोटी मोटर लावतात, इथे वल्ह्यावर आपोआप जमतं.

पहिला तासभर काहीच लागलं नाही. मित्राने तीन वेळा खोटा मासा बदलला. लाल, मग चंदेरी, मग एक भयंकर पोपटी. मामा शांतपणे वल्हवत होते. शेवटी म्हणाले, ‘पोरा, तू पानी बगतोस. खाली नदी हाय, ती बग.’

उन्हाळ्यात पाणी तापलं, उतरलं की मोठा मासा खोल जागा धरतो आणि धरणातली खोल जागा म्हणजे पूर्णेचं जुनं पात्र. वरून सगळं सारखंच सपाट निळं दिसतं. अमेरिकेत ते पात्र शोधायला बोटीवर सोनारचा स्क्रीन असतो. मामांकडे दोरीला बांधलेला दगड होता आणि वडिलांनी शिकवलेल्या खुणा. ती टेकडी आणि वीजघराची भिंत एका रेषेत आली की डावीकडे वळायचं. तिकडे एक मोडका ओटा वर आला होता, त्याच्या समोर नदीचं वळण. ओटा कसला, विचारलं. ‘आमच्या गावचा,’ मामा म्हणाले. त्यांच्या वडिलांचं गाव याच पाण्याखाली गेलं. बाप ज्या रस्त्याने नदीवर जायचा, त्या रस्त्यावरून मुलगा होडी नेत होता. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

वळणावर रॉड अचानक वाकला. पाच मिनिटांच्या झटापटीनंतर शिवडा वर आला, असेल दीड किलोचा. मित्राने फोटो काढून घेतला आणि मासा सोडायला वाकला. कॅच अँड रिलीज, तिकडची पद्धत. मामांनी वल्हं थांबवलं. ‘सोडतोस? काहून?’ रात्रभराच्या जाळ्यात त्यांना तीनेक किलो मासा मिळाला होता. मित्र ओशाळला. शिवडा मामांच्या टोपलीत गेला आणि काठावर त्यांच्या मासळीबरोबर तराजूवर चढला.

परत येताना मी हुशारी म्हणून विचारलं, आता धरणात मृतसाठाच उरेल ना? पेपरात तोच शब्द असतो. येलदरीत तो सव्वाशे दलघमीच्या आसपास धरतात. विमोचकाच्या खालचं, बाहेर न सोडता येणारं पाणी. मामा हसले. ‘मेलेलं कसं? सगळा मासा त्यातच जगतो की.’ २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात धरण त्या रेषेच्याही खाली गेलं होतं. थोडक्या पाण्यात मासा जाळ्यात सहज सापडतो, दोन-चार आठवडे कमाई होते, पण पुढल्या वर्षाला काही उरत नाही, असं ते म्हणाले. २०२० च्या पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडावे लागले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

खुणा पुढे कुणाला सांगितल्या? मुलगा चाकणला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. दिवाळीला येतो. ‘दिवाळीला धरण भरलेलं असतं. ओटा दिसत नाही. दाखवू काय?’

तुम्हाला जायचं असेल तर मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघा, सकाळी परभणी. तिथून एसटीने जिंतूर, पुढे एसटी किंवा काळीपिवळी. वाटेत वेळ काढून नेमगिरीची जैन लेणी आणि चारठाण्याची जुनी मंदिरं बघा, दोन्ही जिंतूर तालुक्यातच. धरणात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकू नका. होडीत लाइफ जॅकेट मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतःचं न्या. टोपी, मीठ-साखरेचं पाणी मस्ट. आणि पाऊस सुरू झाल्यावर मासेमारीला अजिबात नाही. मामांनी निघताना बजावलंय, तेव्हा मासा अंड्यावर असतो.