बोलता बोलता

क्रियापद हे भाषेतले वाहते पाणी मानले, तर क्रियापदाचे नाम होणे म्हणजे त्या पाण्याला घाट बांधणे होय. पाणी तेच राहते, पण आता त्याच्या काठी थांबता येते, त्याच्याकडे मुद्दाम जाता येते आणि तिथून भिजून परतताही येते. जर्मन भाषा हा घाट फार थोड्या सामग्रीत बांधते. ‘एसेन’ म्हणजे जेवणे. या मूळ रूपाचे पहिले अक्षर कॅपिटल लिहून त्याआधी ‘दास’ हे नपुंसकलिंगी उपपद ठेवले की ‘दास एसेन’ हे नाम सिद्ध होते, आणि अशी सारी नामे नपुंसकलिंगीच असतात. मराठीभाषकाला हे परके वाटू नये, कारण ‘त्याचे बोलणे गोड आहे’ यातले ‘बोलणे’ हे धातुसाधित नामही नपुंसकलिंगीच आहे.

वेगळेपण आहे ते शब्दयोगी अव्ययाच्या जागेत. मराठीत ते नामामागून येते आणि त्यासाठी नाम आपले सामान्यरूप घेते, जसे ‘बोलणे’चे ‘बोलण्यासाठी’. जर्मनमध्ये ते नामाआधी उभे राहते, नाम जसेच्या तसे राहते आणि बदलते ते उपपद. ‘बाय’ या अव्ययानंतर चतुर्थीसारखी विभक्ती येत असल्याने ‘दास’चे ‘देम’ होते आणि दोन्ही मिळून ‘बाइम’ असा जोडशब्द बनतो. मराठीत नाम वाकते, जर्मनमध्ये उपपद वाकते, एवढे ध्यानी आले की पुष्कळ वाट सरते.

या अव्ययांचे मूळ अर्थ स्थळाचे आहेत, आणि क्रियेपाशी येताच ते काळाचे, हेतूचे किंवा कारणाचे होतात. ‘बाय’ म्हणजे जवळ, म्हणून ‘बाइम एसेन’ म्हणजे जेवताना, जणू जेवणाच्या सान्निध्यात. ‘त्सू’ म्हणजे कडे, म्हणून ‘पापीअर त्सुम श्रायबेन’ म्हणजे लिहिण्यासाठी कागद. ‘फॉन’ म्हणजे पासून, म्हणून ‘म्यूडे फॉम लाउफेन’ म्हणजे धावून थकलेला. ‘इन’ हे अव्यय तर गती आणि स्थिती यांत भेद करते: ‘इम गेएन’ म्हणजे चालता चालता, पण बोलणारा अडखळू लागला की तो ‘इन्स श्टोकेन’, म्हणजे अडखळण्याच्या आत, जाऊन पडतो. औषध कधी घ्यायचे हे सांगणारे ‘फोर देम एसेन’ आणि ‘नाख देम एसेन’ हे शब्द आपल्याकडच्या ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ यांचे सख्खे भाऊच आहेत.

हाइनरिश फॉन क्लाइस्ट (१७७७–१८११) या जर्मन लेखकाचा, त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंध आहे. त्याचे शीर्षक ‘बाइम रेडेन’, म्हणजे ‘बोलताना’, या दोन शब्दांवर संपते, आणि विचार हा आधी पूर्ण होऊन मग बोलला जात नाही, तर बोलता बोलता हळूहळू घडत जातो, असे त्याचे प्रतिपादन आहे. भाषा शिकणाऱ्याला याहून मोलाचा धडा क्वचितच मिळेल. विभक्तींचे तक्ते अवश्य पाठ करावेत, पण ‘बाइम’, ‘त्सुम’ आणि ‘फॉम’ यांतला भेद तोंडात बसतो तो वाक्ये बोलूनच. म्हणून शिकणाऱ्याने बिनचूक होण्याची वाट न पाहता बोलायला लागावे.