मॉडेलमधली रिंग

ड्रॉइंग संगणकावर आलं, ही आता जुनी गोष्ट झाली. ऑटोकॅड 1982 सालचं. टी-स्क्वेअर आणि अमोनिया प्रिंट आजच्या साइट इंजिनीअरने पाहिलेलेही नसतात. पण ड्रॉइंग बोर्ड गेला तरी त्याच्यावरच्या चुका मागे राहिल्या. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन हे वेगवेगळे कागदच होते. खिडकी एका कागदावर हलवली की दुसऱ्यावरही हलवायची आठवण माणसालाच ठेवावी लागे.

बिमने, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगने, ते बदललं. त्यात रेषा नसतात, भिंत भिंत म्हणूनच असते. ती सरकवली की सेक्शन बदलतं आणि विटांचा हिशेबही. त्याहून उपयोगाचं म्हणजे सांडपाण्याचा पाइप बीममधून आरपार जातोय, हे मॉडेल आधीच दाखवतं. एरवी ते प्लंबरच्या लक्षात येतं स्लॅब भरल्यावर. मग कोअर कटिंगचं मशीन येतं, बीमला भोक पडतं आणि कधी कधी त्या भोकाबरोबर सळईही कापली जाते. वरून प्लॅस्टर झालं की कोणाला दिसतंय!

नागपूर मेट्रोने पंचमितीय बिम वापरलं: तीन मिती इमारतीच्या, चौथी वेळेची, पाचवी पैशांची. मुंबईत मेट्रो तीनचं बोगद्याचं काम गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखालून गेलं. तिथे प्रश्न ड्रॉइंगचा नव्हताच. खाली बोगदा खणणारं यंत्र, टीबीएम, चालू असताना वरची इमारत किती कलली, भिंतीतली भेग किती रुंदावली, जमीन किती खचली, हे टिल्ट मीटर आणि क्रॅक मीटरसारखी उपकरणं मोजत होती. 33.5 किलोमीटरचा तो मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला. बांधकामात माहिती तंत्रज्ञानाचं खरं मोल कशात, असं कोणी विचारलं तर चकचकीत थ्रीडी चित्रांआधी या मिलिमीटरच्या नोंदींकडे बोट दाखवावं.

सात मजली सोसायटीच्या साइटवर मात्र एवढा थाट नसतो. तिथे एक्सेल असतं आणि व्हॉट्सअ‍ॅप. सळयांचा तक्ता, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, एक्सेलमध्ये होतं. वजनाचं सूत्र साधं: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 12 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 0.89 किलो. बारा मीटरच्या सळईतून कुठले तुकडे काढले तर भंगार कमी होईल, हेही सॉफ्टवेअर सांगतं. मुरलेला फिटर ते तोंडीच सांगतो, पण तो रजेवर गेला की हिशेबही गावाला जातो.

पण कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीची रिंग घ्या. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक आयएस 13920 सांगतं, तिचा हुक 135 अंशांत वळून कॉलमच्या गाभ्यात शिरला पाहिजे. भूकंपात बाहेरचं कव्हर गळून पडलं तरी रिंग उघडू नये, म्हणून. मॉडेलमध्ये तो नेमका तसाच असतो. खाली सळया वळवणाऱ्याला मात्र 90 अंशांत काटकोन मारणं सोपं पडतं, आणि तशी रिंग घालायलाही सोयीची. स्क्रीनवर 135, कॉलममध्ये 90, आणि दोन्हींचं वजन बिलात जवळपास सारखंच. इंजिनीअर वाकून रिंगांमध्ये बघत नाही तोवर हा फरक कुठल्याही सर्व्हरला कळत नाही. बघितलं, फोटो काढला, त्यावर तारीख आणि कॉलमचा नंबर टाकला, तर तीच नोंद पुढे पन्नास वर्षं उपयोगी पडते. फोनमध्ये कॅमेरा असतोच, कंटाळा कशाला?

गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण असलेल्या महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला. त्याने नोंदणी, मंजुऱ्या, बांधकामाची प्रगती घरबसल्या बघता येते. चांगलीच सोय आहे, पण तिथे दिसतं ते बिल्डरने भरलेलंच. फ्लॅट बुक केला असेल तर कोड स्कॅन करून थांबू नका. तुमच्या मजल्याचे कॉलम आणि स्लॅब भरण्याआधी काढलेले सळयांचे फोटो बिल्डरकडे तारखेसकट मागा.