शेवटचे चार आटे

आमच्या कंपनीत दरवर्षी एक ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. पेटंट, कॉपीराइट, ऑफिसच्या वेळेत लिहिलेला कोड कुणाचा, वगैरे. सगळे करतात तसं मीही व्हिडिओ म्यूट करून दुसरीकडे काम करत बसते आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने ठोकून देते. यंदा एका प्रश्नापाशी अडकले. त्यात एक जुनं अमेरिकन उदाहरण होतं: दुकानातला एक पोरगा, त्याने सुट्टीत बनवलेला पाना, आणि त्याची कंपनी. मी उत्तर न देता ते प्रकरण शोधून वाचत बसले. रात्रीचे दोन वाजले. कारण तो पाना रॅचेटचा होता आणि रॅचेटच्या बाबतीत मी स्वतः काही फार सरळ वागलेले नाही.

त्या पोराकडे येते. आधी पाना.

सायकल चालवताना पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक ऐकू येते. फ्रीव्हीलच्या आत दाते असतात आणि त्यांत अडकणारे छोटे खटके. जोर लावला की खटका दात्यात अडकतो, उलट दिशेने मात्र दात्यांवरून घसरत जातो. रॅचेटच्या डोक्यात हेच असतं. खाली चौकोनी दांडी, तिच्यावर नटाच्या मापाची गोटी चढवायची आणि दांडा पुढेमागे हलवायचा. पाना नटावरून काढावा लागत नाही. माझे वडील, अण्णा, त्या खटक्याला सायकलवाल्यांसारखं ‘कुत्रा’ म्हणतात. एका बाजूने जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने धरतो.

अण्णांचं कराडजवळ गॅरेज आहे. जीप, ट्रॅक्टर, सीझनला उसाच्या ट्रॉल्या. तिथे पान्याचा सगळा खेळ जागेचा असतो. षटकोनी नटावर साधा पाना पुन्हा बसवायचा तर ६० अंश फिरवावा लागतो. म्हणून फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं. तो पालथा घातला की ३० अंशांत भागतं. पण इंजिनाच्या कडेला मूठसुद्धा नीट शिरत नाही तिथे ३० अंश म्हणजे चैन. रॅचेटचा हिशोब सोपा: ३६० भागिले दात्यांची संख्या. अण्णांचा जुना रॅचेट २४ दात्यांचा, म्हणजे १५ अंश. ७२ दाते असतील तर ५ अंश.

मग दाते वाढवत का नाहीत? वाढवतात. रॅचेट सुधारणाऱ्यांचा बराचसा जोर त्यावरच असतो. पण त्याच मापाच्या चाकावर दाते वाढवले की प्रत्येक दाता बारीक आणि उथळ होतो. मग एकाच वेळी अनेक दात्यांत बसेल असा रुंद खटका लागतो. किंवा ६० दातेच ठेवून दोन खटके बसवायचे, एकमेकांपासून अर्धा दाता सरकवून. मग आळीपाळीने ते पकडतात आणि ३ अंशांत काम होतं. हुशारीची गोष्ट आहे. फक्त अशा वेळी सगळा भार एका वेळी एकाच खटक्यावर येतो, हे विसरायचं नाही.

अण्णांची तक्रार मात्र दात्यांची नव्हतीच. त्यांची तक्रार शेवटच्या चार आट्यांची होती. बोल्ट घट्ट असतो तोवर रॅचेट उत्तम चालतो. तो सैल झाला की गंमत होते. दांडा मागे आणताना खटका दात्यांवरून घासतो, त्याला स्प्रिंगने दाबून धरलेलं असतं, आणि ते घासणं आता सैल आट्यांच्या घर्षणापेक्षा जास्त भरतं. मग बोल्टच पान्याबरोबर मागे येतो. जेवढा सोडला तेवढा पुन्हा आवळला. बोटाने सोडवावा तर बोट पोचत नाही.

यावर आमच्या गॅरेजात एक इलाज होता. एका रॅचेटच्या चौकोनावर, डोकं आणि गोटी यांच्यामध्ये, कडेला खाचा पाडलेली एक लोखंडी चकती ठोकून बसवलेली होती. बोल्ट सैल झाला की दांडा धरून ठेवायचा आणि अंगठ्याने चकती फिरवायची. शिवाय आतल्या स्प्रिंगचा एक वेढा कापलेला होता. त्यामुळे खटक्यावरचा दाब कमी झाला आणि पाना बोल्टला मागे ओढेनासा झाला. दाब कमी झाल्यावर घट्ट ग्रीस चालत नाही, खटका दात्यात उतरायला उशीर करतो. म्हणून तो पाना रॉकेलने धुऊन त्यात हलकं तेल सोडायचं. गॅरेजात त्याला ‘बारक्याचा पाना’ म्हणायचे. बारक्या म्हणजे अण्णांच्या हाताखालचा पोरगा, तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. पान्याला त्याचं नाव का, हे मी कधी विचारलं नाही.

मी मेकॅनिकल घेतलं याचा अण्णांना कोण अभिमान. फायनल इयरला आमच्या चौघांच्या ग्रुपला प्रोजेक्टचा विषय सुचेना. सबमिशनला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी रविवारी घरी गेले आणि तो पाना सॅकमध्ये टाकून आणला. अण्णांना म्हणाले, “बघायला नेते.” ते म्हणाले, “ने की.”

आम्ही काहीच केलं नाही असं नाही. जुनी चकती जाड होती, चौकोनाची लांबी खायची. त्यामुळे गोटी पूर्ण चढत नसे, चौकोनावरची गोळी गोटीतल्या खाचेत बसत नसे आणि गोटी मधेच गळून पडे. आम्ही चकती पातळ केली. तीन वेगवेगळ्या स्प्रिंगा लावून ताणकाट्याने ओढ मोजली. ग्राफ काढले. पण मूळ कल्पना? रिपोर्टात ‘समस्येची ओळख’ या प्रकरणात लिहिलं, की ग्रुपने परिसरातील गॅरेजांची पाहणी केली असता असे निदर्शनास आले. हे वाक्य मी लिहिलं. आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, वर्कशॉपमधले मामा, आणि सगळ्यात शेवटी ‘नैतिक पाठबळाबद्दल’ आमचे पालक.

प्रदर्शनाला अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखांत ग्रीसच्या कायमच्या रेघा. मी परीक्षकांना सांगत होते, “सर, आमच्या असं लक्षात आलं...” अण्णा मागे उभं राहून ऐकत होते. परीक्षक पुढे सरकणार तेवढ्यात त्यांनी गिऱ्हाइकासारखा प्रश्न टाकला, “आणि थंडीत ग्रीस घट्ट झालं, तर कुत्रा बसतो का नीट?” परीक्षक हसले. मी ‘व्हिस्कॉसिटी’ हा शब्द वापरून उत्तर दिलं. अण्णांनी मान हलवली. ते उत्तर त्यांनीच मला दिलेलं होतं.

दुसरा नंबर आला, तीन हजार रुपये मिळाले. माझ्या वाट्याच्या पैशांत थोडी भर घालून मी अण्णांना शर्ट घेतला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत याच प्रोजेक्टवर दहा मिनिटं बोलले. नोकरी सॉफ्टवेअरची होती, पण मुलाखत घेणाऱ्याला ‘युजरची अडचण ओळखून सोडवली’ हे फार आवडलं.

आता तो अमेरिकन पोरगा. पीटर रॉबर्ट्स, मॅसॅच्युसेट्समध्ये सिअर्सच्या दुकानात नोकरीला. १९६३ साली, अठराव्या वर्षी, कामाची वेळ संपल्यावर त्याने एक पाना बनवला. रॅचेटच्या डोक्यामागे एक बटण. ते दाबलं की चौकोनावरची गोळी आत जाते आणि गोटी आपोआप सुटते. तोवर घट्ट बसलेली गोटी दुसऱ्या हाताने ओढून काढावी लागे, तीही बऱ्याचदा तेलकट हाताने. त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६४ मध्ये कल्पना आपल्याच कंपनीला दाखवली. कंपनीने त्याला सांगितलं, की यात नवीन असं काही नाही आणि बनवायला नगामागे ४० ते ५० सेंट खर्च येईल. प्रत्यक्षात खर्च २० सेंटच्या आसपास येतो हे कंपनीला कळलेलं होतं. १९६५ मध्ये त्याने हक्क विकले: नगामागे दोन सेंट, आणि जास्तीत जास्त १०,००० डॉलर. म्हणजे पाच लाख पान्यांनंतर त्याचा हिस्सा संपला. सिअर्सने असे १ कोटी ९० लाखांहून जास्त पाने विकले, नफा ४ कोटी ४० लाख डॉलरच्या वर. १९६९ मध्ये तो कोर्टात गेला. १९७७ मध्ये ज्युरीने फसवणूक झाल्याचं मान्य करून दहा लाख डॉलर दिले. त्यानंतरही पेटंटवरून भांडण चालूच राहिलं, आणि शेवटी १९८९ मध्ये तडजोड झाली. अठराव्या वर्षी बनवलेल्या बटणापायी माणूस चाळिशी ओलांडून गेला.

वाचता वाचता मी आधी रॉबर्ट्सच्या बाजूने चिडले. मग लक्षात आलं, या गोष्टीतली माझी जागा त्याची नाही.

अर्थात माझ्या प्रकरणात कोट्यवधी नव्हते. बोटाने फिरवायच्या चकतीचे रॅचेट बाजारात आधीपासून मिळतात, हे मला नंतर कळलं; पेटंट वगैरे कुणालाच मिळालं नसतं. म्हणजे घेण्यासारखं त्यात फक्त नाव होतं, आणि मी तेवढंच घेतलं. रोज मी अशा सिस्टिममध्ये काम करते जिथे एक स्वल्पविराम बदलला तरी कुणी, कधी बदलला याची नोंद राहते. ‘गिट ब्लेम’ मारलं की नाव समोर. कॉलेजच्या लायब्ररीत तो रिपोर्ट मात्र अजून तसाच असेल, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत चार नावं.

दिवाळीला घरी जाताना ७२ दात्यांचा रॅचेट घेऊन गेले. अण्णांनी कानाजवळ धरून फिरवला, आवाज ऐकला. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही. पाच अंशांत काम होणं ही त्यांच्यासाठी थट्टा नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं. गॅरेजांची पाहणी, आभाराचं पान, मुलाखत. “तुमचं नाव टाकायला हवं होतं,” म्हणाले.

अण्णा गोंधळल्यासारखे झाले. “माझं कशाला? ते बारक्यानं केलेलं. म्हणून तर बारक्याचा पाना म्हणतो आपण.”

मी काहीच बोलले नाही. आमच्या गॅरेजात ना पेटंट, ना रिपोर्ट, पण ज्याने केलं त्याचं नाव पान्यालाच चिकटलेलं होतं. रोज दहा वेळा हाक मारल्यासारखं घेतलं जायचं. ते मी लहानपणापासून ऐकत होते, आणि कॉलेजात नेताना वाटेत गाळून टाकलं.

बारक्याचं आता मलकापूरला स्वतःचं गॅरेज आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. बोर्डावर त्याचं खरं नाव होतं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी विषय काढला तर हसायलाच लागला.

“आठवतंय की, ताई. जीपच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट. तिथं हात जायचा तो नुसता बोटांच्या टोकांनी. अर्धा दिवस मागं-पुढं, मागं-पुढं. शेवटी वैताग आला. दुपारी अण्णा जेवायला गेले तसा पाना खोलला, स्प्रिंग कापली, चकतीला कानस मारून चौकोन केला.”

“मग?”

“मग काय, अण्णा आले. चांगल्या पान्याची वाट लावली म्हणून कानाखाली वाजवली. दोन दिवस गाल दुखत होता.” त्याने नकळत गालाला हात लावला. “आठ-दहा दिवसांनी स्वतःच म्हणाले, तो बारक्याचा पाना दे रे. तेव्हापासून नाव पडलं.”

हे अण्णांनी मला सांगितलं नव्हतं.

मी त्याला रिपोर्टाचं सांगितलं, बक्षिसाचं, नोकरीचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता तो ‘असू द्या ताई’ म्हणेल. तो म्हणाला, “मला बोलवायचं होतं प्रदर्शनाला. मी आलो असतो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी हे सगळं लिहिणार आहे, तुमच्या नावासकट, असं म्हणाले. त्याने जरा विचार केला. “नाव नका टाकू. थोबाडीचं वाचून अण्णांना वाईट वाटेल. बारक्या लिहा, बास.” म्हणून बारक्या. लिहिण्याआधी मी अण्णांनाही विचारलं. ते म्हणाले, “थोबाडीचंही लिही.”

मलकापूरला अण्णांचा नवा रॅचेट मी दाखवायला नेला होता. त्याने दोनदा फिरवला, गोटी लावली, एक सैल बोल्ट शोधून त्यावर धरला. बोल्ट पान्याबरोबर थोडा मागे आला. मग माझ्याकडे बघून विचारलं, “स्प्रिंग कडक आहे. एक वेढा कापू का?”

अठराशे रुपयांचा पाना होता. “कापा,” म्हणाले.